रेडिओच्या स्टिक बदलताना: पॉट काढून हॉल गिम्बल बसवायचं तर

मी रेडिओने चालणारी, मोटर नसलेली मॉडेल ग्लायडर उडवते. रेडिओ म्हणजे हातातला, दोन स्टिकचा ट्रान्समीटर. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, विमान गोल फिरत ठेवायला रडरला (शेपटीवरच्या उभ्या पात्याला) केसभर इशारा पुरतो. अशा वेळी बोट सोडल्यावर स्टिक दरवेळी त्याच मध्यावर आली नाही, की विमान हळूच एका बाजूला कलत राहतं आणि आपल्याला वाटतं हवाच बदलली. म्हणून रेडिओत काही सुधारायचं झालं तर मी आधी गिम्बलकडे बघते, म्हणजे स्टिकची चौकट, बेअरिंग, स्प्रिंग आणि सेन्सर या सगळ्या यंत्रणेकडे. हा सेन्सर एकतर पॉट (पोटेन्शिओमीटर) असतो किंवा चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर. स्क्रीन आणि आवाज नंतर.

नवीन गिम्बल मागवण्याआधी जुन्याची परीक्षा घ्याच. ओपनटीएक्स किंवा एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओत अ‍ॅनालॉगचे, म्हणजे स्टिकच्या सेन्सरकडून येणारे, आकडे दाखवणारं पान असतं. हार्डवेअरच्या मेनूत किंवा त्याच्या जवळपास सापडेल. काही आवृत्त्यांत कच्चा आकडा हेक्झाडेसिमलमध्ये दिसतो, त्याला बिचकू नका, आपल्याला फक्त तो बदलतो का ते बघायचंय. एलेरॉनची (विमान डावी-उजवीकडे कलवणारी) स्टिक पूर्ण डावीकडे न्या, बोटाच्या आधाराने सावकाश मध्यावर आणून सोडा आणि आकडा लिहून ठेवा. मग हेच उजवीकडून करा. नंतर स्टिकला हात न लावता थोडा वेळ नुसतं बघत राहा.

हात लावलेला नसताना आकडा नाचत असेल, तर बहुतेक वेळा पॉट झिजलेला किंवा मळलेला असतो. आकडा स्थिर आहे, पण डावीकडून आल्यावर एक आणि उजवीकडून आल्यावर दुसरा, असं असेल तर दोष बहुधा यंत्रणेत आहे: बेअरिंग ढिलं आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा कुठेतरी घासतंय. हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण हॉल सेन्सरने पहिला दोष जातो, दुसरा जात नाही. दुसऱ्या दोषासाठी चांगल्या बेअरिंगचं पूर्ण गिम्बलच लागतं.

फरक किती चालवून घ्यायचा? या रेडिओंत स्टिकचा प्रवास आतल्या हिशोबात उणे १०२४ ते अधिक १०२४ असा मोजला जातो आणि विमानातल्या रिसीव्हरकडून सर्व्होला (पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरला) जाणारी पल्स साधारण ९८८ ते २०१२ मायक्रोसेकंदांची असते. म्हणजे आतले दहा आकडे हलले की सर्व्होला पाच मायक्रोसेकंद जास्त किंवा कमी मिळतात. चांगल्या डिजिटल सर्व्होचा डेडबँड, म्हणजे ज्या बदलाकडे तो दुर्लक्ष करतो तो पट्टा, काही मायक्रोसेकंदांचाच असतो, त्यामुळे आकडा नाचत राहिला तर तो जागच्या जागी गुणगुणत राहतो आणि विमानातली बॅटरी फुकट खातो.

पॉटमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूची छोटी पाती घासत फिरते. स्टिक बहुतेक वेळ मध्याच्या आसपासच वावरते, म्हणून पट्टीही तिथेच आधी झिजते. नेमकी आपल्याला सर्वांत जास्त गरज असते त्या जागी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मळ निघतो, झीज भरून येत नाही. हॉल सेन्सरमध्ये दांड्याच्या टोकाला चुंबक असतो आणि समोरची चिप त्याच्या क्षेत्रातला बदल व्होल्टेजमध्ये उतरवते. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला. चुंबक आणि चिप एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे तिथे झिजायला काही उरत नाही.

खरेदी करताना मॉडेलचं नाव जुळवा. फ्रस्कायच्या क्यू एक्स७ साठी एम७ आणि एक्स९डी साठी एम९ ही हॉल गिम्बलं खास त्या त्या रेडिओसाठी आली होती. रेडिओमास्टरचं एजी०१ हे अ‍ॅल्युमिनियमचं आहे. नाव जुळत नसेल तर चार गोष्टी मोजून घ्या: स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, गिम्बलची मागच्या बाजूची खोली, कनेक्टरचा आकार आणि त्यातल्या तारांचा क्रम. खोली विसरू नका, कारण मागे बॅटरीचा कप्पा असतो. काही नव्या रेडिओंत गिम्बल व्होल्टेज न देता सिरीयल डेटा पाठवतं. तिथे साधं तीन तारांचं गिम्बल चालणार नाही.

आता उघडायचं. सगळ्यात आधी मॉडेलच्या फाइली आणि सेटिंगची प्रत कॉम्प्युटरवर घ्या. बॅटरी काढा, बाहेरचं मॉड्यूल (सिग्नल पाठवणारा भाग) काढा. टेबलावर पांढरं फडकं अंथरा. हॉल गिम्बलमध्ये चुंबक आहे, लोखंडाचा कीस त्याला चिकटला की काढणं जिकिरीचं होतं, म्हणून टेबल खरंच स्वच्छ हवं. मागचं झाकण उचलताना हिसका देऊ नका. दोन्ही भागांना जोडणाऱ्या तारा आणि अँटेनाची बारीक केबल आत असते. ती निसटली तर पुन्हा जोडल्याशिवाय रेडिओ चालू करू नका, नाहीतर मॉड्यूलला इजा होऊ शकते. तारा सोडण्याआधी फोटो काढा. कनेक्टर तार धरून ओढायचा नाही, चिमट्याने त्याच्या प्लॅस्टिकला धरून काढायचा.

नवीन गिम्बल लावण्याआधी मल्टिमीटरने बोर्डावरच्या कनेक्टरचा पुरवठा तपासा. बॅटरी तेवढ्यापुरती लावावी लागेल, मोजून झालं की परत काढा. तिथे ३.३ व्होल्ट आहेत आणि गिम्बलला ५ व्होल्ट लागतात, असं असेल तर ते लावू नका. तारांचा क्रम उलटा असेल तर पुरवठा आणि ग्राउंडची अदलाबदल होऊन चिप जळते. हे मोजमाप कंटाळवाणं आहे, तरीही मी ते प्रत्येक वेळी करते.

थ्रॉटलची (मोटरचा वेग ठरवणाऱ्या स्टिकची) बाजू आधी ठरवा. ती मोडवर, म्हणजे स्टिकच्या मांडणीवर अवलंबून असते: मोड २ मध्ये डावीकडे, मोड १ मध्ये उजवीकडे. त्या गिम्बलवर उभ्या दिशेची स्प्रिंग सैल करून थ्रॉटलची पट्टी कसायची. टकटक वाजणारी रॅचेट की गुळगुळीत घर्षण, हा आवडीचा भाग आहे. मी ग्लायडरच्या त्या स्टिकवर ब्रेक ठेवते, म्हणून मला गुळगुळीतच लागते. स्क्रू आधी सगळे हलके लावा, स्टिक चारही कोपऱ्यांत फिरवून कुठे अडत नाही ना बघा, मग समोरासमोरचे आळीपाळीने घट्ट करा. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात बसू द्यायचा, मग पिळायचा.

झाकण पूर्ण बंद करण्याआधी कॅलिब्रेशन करा. थ्रॉटलला स्प्रिंग नसते, म्हणून ती हाताने मध्यावर ठेवावी लागते. मग प्रत्येक स्टिक कडेकडेने फिरवा, नॉब आणि स्लायडरही. टोकाला जोर लावून दाबू नका. दाबून मिळालेलं टोक रेडिओ खरं मानतो आणि उडवताना मग पूर्ण शंभर टक्के मिळतच नाहीत. एखादा अक्ष उलटा चालत असेल तर प्रत्येक मॉडेलमध्ये सर्व्हो उलटे करत बसू नका, तुमच्या आवृत्तीत सोय असेल तर हार्डवेअरच्या पानावर तोच अक्ष उलटा करा.

आता ती डावी-उजवीकडची परीक्षा पुन्हा घ्या आणि आधी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघा. त्यानंतर मॉडेल जोडा. मोटर असेल तर प्रॉप काढूनच. सगळ्या पृष्ठभागांची दिशा, टोकं आणि फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर विमानाने काय करायचं ते) तपासा. जुने ट्रिम (मध्य किंचित सरकवणारी सेटिंग) पॉटच्या चुकीच्या मध्यावर बेतलेले असतील, तर पहिल्या उड्डाणात थोडे बदलावे लागतील. आणि नवीन स्टिकची सवय होण्याआधी एक्स्पो (मध्याजवळ स्टिक किती हळवी ते ठरवणारं सेटिंग) बदलू नका.

स्प्रिंगचा ताण मात्र घाई न करता जुळवा. मी चिमटीत धरून उडवते, मला हलकी स्प्रिंग हवी. अंगठ्याने उडवणाऱ्यांना बहुधा जरा कडक आवडते. एका वेळी स्क्रूला अर्धा फेराच द्या, आणि दर वेळी मध्याचा आकडा बघा, कारण फार सैल स्प्रिंग उत्तम गिम्बललाही मध्यावर नीट आणत नाही. जुन्या गिम्बलच्या स्प्रिंगा, स्क्रू आणि स्टिकची टोकं डबीत जपून ठेवा. त्या मापाचे स्क्रू ऐनवेळी सहसा मिळत नाहीत.