अण्णांची मापवही : कारागीर बापाच्या आठवणी कशा गोळा कराव्यात

अण्णा, म्हणजे आमचे वडील, शिंपी होते. ते गेले आणि तेराव्याच्या आत दादाने दुकान आवरायला काढलं. हेतू वाईट नव्हता, आईच्या डोळ्यांसमोर ते सगळं नको एवढंच. पण त्या आवराआवरीत जुन्या मापवह्यांचा एक गठ्ठा रद्दीत गेला. तेव्हा पहिलं सांगणं हेच: वर्षभर काही आवरू नका. गाळा सोडावाच लागणार असेल तर सामान आहे तसं खोक्यांत भरा, कुठल्या खणातलं काय ते खोक्यावर लिहा आणि खाटेखाली सरकवून द्या. आपण फोटो जपतो आणि कामाचे कागद फेकतो. कारागिराच्या घरात नेमकं याच्या उलट करायला हवं.

आमचं दुकान पाटणला, सातारा जिल्ह्यात. दहा बाय बाराचा गाळा, दोन मशिनी, कटिंगचं टेबल. वर्षश्राद्धाला मी अण्णांवर चोवीस पानांची पुस्तिका काढली. ती करताना जे कळलं, त्यातलं बरंचसं चुका करूनच कळलं. तुमचे वडील सुतार असतील, गवंडी असतील, गॅरेजवाले असतील. मापवहीच्या जागी दुसरं काहीतरी निघेल. शोधा, निघतंच.

मी सुरुवात चुकीची केली. फोन घेऊन लोकांकडे गेले आणि विचारलं, "अण्णा कसे होते?" अकराच्या अकरा जणांनी सांगितलं, देवमाणूस. पुढे काही नाही. देवमाणूस या शब्दापाशी बोलणं संपतंच, कारण त्यावर कोण काय बोलणार? मग मी अण्णांची मोठी कात्री पिशवीत घालून न्यायला लागले. कात्री समोर ठेवली की लोक बोलायचे. शाळेतले एक निवृत्त मास्तर ती हातात तोलत म्हणाले, "ही कोणाला हात लावू द्यायचा नाही तो. एकदा मी हिने कागद कापला तर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी." हे मला हवं होतं. वस्तू न्या, रेकॉर्डिंग चालू करून फोन उपडा ठेवा आणि गप्प बसा.

आता मापवही. आठवणींच्या पुस्तिकेत आकडे कशाला, असं दादाला वाटत होतं. पण अण्णांच्या वहीत एकेका गिऱ्हाइकाचं पान असायचं: उं., छा., शो., बा., ग. (उंची, छाती, शोल्डर, बाही, गळा), आणि कडेला त्याच कापडाची चिंधी टाचणीने लावलेली. एका मुलाची छाती शाळेच्या खाकी चिंधीपाशी २४ आहे. तीच पुढे २८, ३२, मग लग्नाच्या सफारीला ३६. त्यानंतर छाती तिथेच थांबते आणि कंबर वाढायला लागते! तो मुलगा आता आजोबा झालाय. त्याला पान दाखवलं तर तो मोठ्याने हसला, आणि मग बराच वेळ ती खाकी चिंधी चिमटीत धरून बसला.

त्याच वहीत मला १९८२ साल सापडलं. आदल्या दिवाळीच्या पानांवर नव्या टेरिकॉट शर्टांच्या नोंदी आहेत. १९८२ च्या दिवाळीला नवी मापं जवळपास नाहीत. ओळीमागून ओळ एकच: 'कॉ. उलटी'. शर्टाची कॉलर मानेपाशी झिजते, तेव्हा ती उसवायची, आतली बाजू वर घेऊन पुन्हा बसवायची; शर्ट आणखी दोनेक वर्षं निघतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या खोऱ्यातल्या घराघरांतून माणसं गिरणीत होती, ती हळूहळू गावी परतली. अण्णा संपाबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. त्या ओळींपुढे पैशाचा रकाना कोरा आहे. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तेव्हा मागायचे कोणाकडे?" पुस्तिकेचं मधलं अख्खं पान मी या तीन शब्दांना दिलं.

वही हाताळण्याबद्दल थोडक्यात. टाचण्या गंजून कागद खातात, तेव्हा त्या आधी काढा आणि चिंधी त्याच जागी सुती दोऱ्याच्या एका टाक्याने धरा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, पहिल्या पानापासून ओळीने काढा; कोरी पानंसुद्धा. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायची तर शिसपेन्सिलीने.

तारखांचा घोळ सगळीकडे होतो. "दुकान कोणत्या साली टाकलं?" या प्रश्नाला आमच्याकडे पाच उत्तरं मिळाली. मग मी साल विचारणं सोडलं. भूकंपाच्या आधी की नंतर, असं विचारलं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, तो आमच्या भागात कोणीही विसरलेलं नाही. आत्या लगेच म्हणाली, "अगं, भूकंपात पडलेल्या भिंतीच्या दगडांवर तर त्याने पहिली फळी टाकली." तसंच १९७२ चा दुष्काळ. तुमच्या गावाच्या अशा दोन-तीन खुणा आधी काढून ठेवा, महापूर, धरण, काहीही. वहीतल्या तारीख नसलेल्या पानांना मला आणखी एक खूण मिळाली: संत नामदेवांची पुण्यतिथी, आषाढ वद्य त्रयोदशी. त्या दिवशी अण्णा दुकान बंद ठेवत आणि वहीत तसं लिहीत. ती ओळ आली की एक वर्ष उलटलं.

मशीनही बोलते. अण्णा त्यांच्या जुन्या सिंगरला आयुष्यभर 'जर्मन मशीन' म्हणायचे. सिंगरच्या पत्र्यावर अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात, त्यावरून ती कुठल्या कारखान्यात आणि साधारण केव्हा झाली ते शोधता येतं. आमची निघाली स्कॉटलंडची, क्लाइडबँकच्या कारखान्यातली; तो कारखाना १९८० साली बंद झाला. पुस्तिकेत मी दोन्ही छापलंय. खरं काय ते, आणि अण्णा काय म्हणत ते.

आईचं काम विसरू नका. पाटीवर नाव अण्णांचं, पण काजं, बटणं, हूक, सगळी हातशिलाई आईची. तिला स्वतःबद्दल विचारलं तर म्हणते, "मी कुठे काय केलं?" मी तिच्या हातात एक शर्ट दिला आणि काज करून दाखव म्हटलं. बोलणं आपोआप सुरू झालं. सणाच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत काजं करायची ती, आणि आमचे फ्रॉक सगळ्यात शेवटी, उरलेल्या कटपीसचे. माझा शाळेचा एक फ्रॉक ट्रंकेत सापडला. अण्णांनी खाली चार बोटं दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवला होता. घेरावर सुईच्या भोकांच्या तीन फिकट रेघा दिसतात, एकीखाली एक: पाचवी, सहावी, सातवी. या फ्रॉकचा फोटो मुखपृष्ठावर आहे. अण्णांचा हार घातलेला फोटो घ्यावा असा दादाचा आग्रह होता. मी ऐकलं नाही.

दोषही लिहा. अण्णा वेळ पाळत नसत. कोणीही विचारलं की "गुरुवारी या." कोणता गुरुवार, ते सांगत नसत. एका नवरदेवाला उसना कोट घालून बोहल्यावर उभं राहावं लागलं, तो ते आजही ऐकवतो. हे छापायला काकांचा विरोध होता. पण वर्षश्राद्धाला वाचताना लोक तिथेच हसले, आणि मागून कोणीतरी आपला गुरुवार सांगितला. काय गाळायचं म्हणाल तर लोकांची नावानिशी उधारी. त्यातलं एकही नाव आम्ही छापलं नाही.

दुकानात राहिलेल्या कामाचं आधी बघा. आमच्याकडे तीन जोड होते. दोन तयार होते, ते दादा पोचवून आला. तिसरी पँट नुसती कापून ठेवलेली, वर चिठ्ठी: कंबर ३४, आणि द्यायचा वार. आईने मशिनीला तेल घातलं, चार दिवस बसून ती शिवली, इस्त्री केली आणि गुरुवारची वाट बघत खुंटीला टांगून ठेवली.