भरल्या होडीला चालेल असा पंखा निवडताना

आउटबोर्ड मशीनबरोबर (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) कंपनीकडून जो पंखा (प्रोपेलर) येतो तो मधल्या मापाचा असतो. बहुतेक होड्या तोच पंखा मोडेपर्यंत चालवतात. आचरा, देवबाग, हर्णै, श्रीवर्धन अशा ठिकाणच्या २२-२४ फुटी फायबर होडीवर मात्र ओली जाळी, बर्फ, पेट्रोलचे कॅन आणि तीन-चार माणसं असतात. अशा होडीला तो पंखा बऱ्याचदा जड पडतो. रिकाम्या होडीवर मशीन मोकळं पळतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. म्हावरं भरून परत येताना मशीनची मूठ (अॅक्सिलरेटर) पूर्ण पिळली तरी आवाज दबलेलाच राहतो, आणि खरी अडचण तिथे असते.

मूठ पूर्ण उघडी असूनही इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे चढत नसतील तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरपूर जातं, पण इंजिन दाबाखाली कण्हत चालतं. उष्णता वाढते, कार्बन साचतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. टू-स्ट्रोकमध्ये हा त्रास लवकर दिसतो, फोर-स्ट्रोकमध्ये उशिरा दिसतो, पण चुकत नाही. भरलेला ट्रक टॉप गिअरमध्ये फोंडा घाट चढवायचा प्रयत्न करावा, तशी गत होते. म्हणून पंखा निवडायचा तो भरल्या होडीवर इंजिनाचे फेरे किती होतात ते मोजूनच. रिकाम्या होडीच्या वेगावर किंवा शेजारच्या नाखव्याच्या पंख्यावर जाऊ नका.

पंख्यावरचे आकडे

पंख्याच्या बॉसवर (मधल्या गोल भागावर) किंवा पात्याच्या मुळाशी माप कोरलेलं असतं. उदाहरणार्थ, यामाहाच्या पंख्यावर ‘११ ५/८ × ११ - जी’ असं दिसेल. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. शेवटचं अक्षर पंखा कोणत्या गिअरकेसच्या (मशीनच्या खालच्या टोकाचा गिअरचा डबा) शाफ्टवर बसतो ते सांगतं. अक्षर जुळलं नाही तर माप कितीही योग्य असो, तो पंखा घेऊ नका.

पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा घसरला नाही तर जितका पुढे जाईल तितके इंच. प्रत्यक्षात तो घसरतोच. किती घसरतो ते काढायला सोपं गणित आहे: इंजिनाचे फेरे गुणिले पिच, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे), भागिले १२१५. उत्तर नॉटमध्ये येतं. समजा इंजिन ५००० फेऱ्यांवर आहे, रेशो २ आहे आणि पिच ९. गणिताने साडेअठरा नॉट येतात. जीपीएसवर ८ नॉट दिसत असतील तर पंखा निम्म्याहून जास्त घसरतोय. हलक्या, पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के घसरण चालते. जड होडीत ती खूपच जास्त असणार. रेशो मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतो.

मोठा पिच म्हणजे जास्त वेग, हा गैरसमज इथे काढून टाकायला हवा. जड होडी पाणी कापत चालते, त्यावर उचलून धावत नाही. अशा होडीची पाणरेषा (पाण्याला टेकलेली लांबी) २२ फूट असेल तर साधारण सव्वासहा नॉटच्या पुढे प्रत्येक अर्ध्या नॉटसाठी पेट्रोल भरमसाट जातं. तिला मोठ्या पिचचा पंखा लावून वेग मिळत नाही, इंजिन तेवढं दबतं. तिला हवा असतो कमी पिचचा आणि मशीनवर पंख्याच्या जागेत बसेल तितक्या मोठ्या व्यासाचा पंखा.

मोजणी

मॅन्युअलमध्ये ‘फुल थ्रॉटल’ची, म्हणजे पूर्ण मुठीवरची, फेऱ्यांची मर्यादा दिलेली असते. बऱ्याच लहान टू-स्ट्रोक मशीनना ती ४५०० ते ५५०० असते, फोर-स्ट्रोकना अनेकदा ५००० ते ६०००. तुमच्या मॉडेलचा आकडा बघूनच पुढे जा.

मशीनवर फेऱ्यांचा मीटर नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो. तो लावल्यावर आधी न्यूट्रलमध्ये इंजिन गरम होऊ द्या आणि संथ चालीचे फेरे बघा. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या दुप्पट किंवा निम्मे दिसले तर मीटरची सेटिंग चुकली आहे, ती बदला. ही तपासणी न करता काढलेल्या आकड्यांवर लोक पंखे बदलून बसतात.

चाचणीआधी तळ घासून घ्या. शेवाळ आणि शिंपले चिकटलेल्या तळावर घेतलेला आकडा काही उपयोगाचा नाही. सकाळी लवकर, खारा वारा सुटण्याआधी, खाडीत किंवा बंदराच्या आडोशाला चाचणी करा. होडी रोजच्यासारखी भरा: जाळी ओली करून, बर्फ, माणसं, पेट्रोल सगळं. पेट्रोलचे २५ लिटरचे दोन कॅन म्हणजे जवळपास ३७ किलो. मासळीच्या वजनासाठी रिकामे कॅन समुद्राच्या पाण्याने भरा. ५० लिटरचा कॅन म्हणजे ५० किलोच्या थोडं वर. कॅन मध्यभागी बांधून ठेवा. सगळं वजन मागे गेलं तर नाळ (होडीचं पुढचं टोक) उचलली जाते आणि आकडे बिघडतात.

आता मूठ पूर्ण उघडून अर्धा मिनिट सरळ चालवा, फेरे स्थिर झाले की लिहून घ्या. जीपीएसचा वेग भरतीच्या ओढीबरोबर आणि ओढीविरुद्ध असा दोनदा घ्या आणि सरासरी काढा. फेऱ्यांवर ओढीचा फरक जवळपास पडत नाही, वेगावर पडतो. मग कॅन रिकामे करून, दोन माणसांवर हीच चाचणी पुन्हा करा.

आकड्यांवरून निर्णय

पिच एक इंच कमी केला की पूर्ण मुठीवरचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, वाढवला की तितकेच उतरतात. समजा मर्यादा ५००० ते ६००० आहे आणि १३ पिचच्या पंख्यावर भरलेल्या होडीत ४५०० आणि रिकाम्या होडीत ५३०० फेरे मिळाले. १० पिच लावला तर भरलेल्या होडीत ५१००, रिकाम्या होडीत ५९०० च्या आसपास जातील. दोन्ही आकडे मर्यादेत बसतात. ९ पिच घेतला तर भरल्या होडीला आणखी मोकळं वाटेल, पण रिकाम्या होडीत फेरे ६००० च्या वर जातील आणि तेही इंजिनाला घातक आहे. दोन्ही टोकं सांभाळता येत नसतील तर भरल्या होडीचा आकडा धरा आणि जाताना मूठ थोडी मागे ठेवा.

तीन पात्यांऐवजी चार पात्यांचा पंखा जड कामाला चांगला. संथ चालीत, जाळी ओढताना किंवा खाडीच्या मुखाशी लाटेत तो पाणी नीट धरतो आणि हादरे कमी देतो. पण त्याच पिचमध्ये तो फेरे थोडे खाली आणतो, म्हणून पिच एक इंच कमी धरा. दोन वेगळ्या कंपन्यांचा एकाच मापाचा पंखा एकसारखा वागेलच असं नाही. शक्य असेल तर चाचणीसाठी उसना घेऊन मगच पैसे द्या.

अॅल्युमिनियम की स्टेनलेस

वाळूच्या पट्ट्या आणि खडप असलेल्या खाडीत आमची पसंती अॅल्युमिनियमला. वाळूच्या दांड्यावर घासला तर पातं वाकतं, पण झटका गिअरपर्यंत कमी जातो. स्टेनलेसचं पातं पातळ आणि ताठ असतं, वेग थोडा जास्त मिळतो, पण खडकावर आदळला तर गिअर आणि शाफ्टवर भार येतो. शिवाय खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमच्या गिअरकेसजवळ स्टेनलेस आला की अॅनोड (गिअरकेसऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) लवकर झिजतो. स्टेनलेस लावायचाच असेल तर अॅनोड निम्मा झिजला की बदला आणि त्यावर रंग कधी लावू नका.

दोष पंख्याचा नसतो तेव्हा

मूठ वाढवताच फेरे उडतात आणि होडी ढकलली जात नाही, असं झालं तर आधी दोन गोष्टी बघा. पहिली, मशीनची उंची. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर एक इंच खाली असावी. ती वर असली तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो. दुसरी, पंख्यातलं रबर बुश. बॉसच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेवर एकच सरळ रेघ मारा, होडी पूर्ण ताकदीने चालवा, परत बघा. रेघ तुटून सरकली असेल तर रबर सुटलं आहे. किनारा गाठायला हळू चालवता येईल, पण पंखा बदलायलाच हवा.

पातं वाकलंय का ते घरीच कळतं. मशीन बंद, प्लगच्या टोप्या काढलेल्या, गिअर न्यूट्रलमध्ये. आडव्या पट्टीला एक काडी अशी बांधा की तिचं टोक पात्याच्या कडेला जेमतेम टेकेल. पंखा हाताने फिरवा. एखाद्या पात्याचं अंतर दोन-तीन मिलिमीटरने वेगळं आलं तर ते पातं वाकलंय. ठोकून सरळ केलेल्या अॅल्युमिनियमला पुढे तडा जाण्याची शक्यता असते, म्हणून असा पंखा राखीव म्हणूनच ठेवा.

बसवताना

प्लगच्या टोप्या काढल्याशिवाय पंख्याला हात लावू नका. पट्टी आणि पात्याच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा, स्प्लिट पिन काढा, नट सोडा. पंखा खाडीत पडू नये म्हणून पात्याला दोरी बांधा. आतला जाड वॉशर, पंखा, बाहेरचा स्पेसर, वॉशर, नट असा क्रम असतो. काढताना जसा निघाला तसाच मांडून ठेवा. आतला वॉशर उलटा बसला किंवा राहून गेला तर पंखा गिअरकेसला घासतो.

पंखा उतरवल्यावर शाफ्टच्या सीलपाशी नायलॉनचा धागा गुंडाळलेला नाही ना ते बारकाईने बघा. कांडाळीच्या जाळ्याचा बारीक तार तिथे शिरला की सील कापतो, गिअर ऑइलमध्ये पाणी जातं आणि तेल दुधाळ होतं. मोसमात महिन्यातून एकदा तरी हे बघावं. शाफ्टच्या दातांवर मरीन ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी पंखा निघणार नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी, स्टेनलेसची.

जुना पंखा चांगला असेल तर टाकू नका. तो, एक नट, वॉशर, चार स्प्लिट पिना, पक्कड, नटाच्या मापाचा पाना आणि तो ठोकळा एका डब्यात घालून डबा होडीतच बांधून ठेवा.