घाटावर बसून समुद्राच्या लाटांचा अंदाज कसा बांधावा

बेळगावहून चोर्ला घाट उतरून पेडणे तालुक्यातील आश्वे किंवा मांद्रे येथे पोहोचण्यास तीन-साडेतीन तास लागतात; निपाणीकर आजरा-आंबोलीमार्गे शिरोड्याला उतरतात, त्यांचाही वेळ साधारण तेवढाच जातो. किनाऱ्यावर राहणारा सर्फर पहाटे पुळणीवर जाऊन समुद्र पाहून येतो, आपल्याला मात्र दोन तासांच्या सर्फिंगसाठी जाऊन-येऊन सात तासांचा रस्ता कापायचा असतो. त्यामुळे समुद्र कसा असेल, हे घरातूनच ठरवता आले पाहिजे.

पहिल्या वर्षी मी केवळ लाटेच्या उंचीचा आकडा पाहून निघालो होतो. १.२ मीटर हा आकडा मोहक होता. प्रत्यक्षात सहा-सहा सेकंदांनी येणाऱ्या, एकमेकींच्या अंगावर कोसळणाऱ्या लाटांत फळीवर उभे राहणेही जमले नाही. तेव्हापासून मी आधी पाहतो तो दोन लाटांमधला काळ, ज्याला सर्फर 'पिरियड' म्हणतात. लाटेतील ऊर्जेचा प्रवाह ढोबळमानाने उंचीचा वर्ग गुणिले पिरियड या प्रमाणात असतो. म्हणून १५ सेकंदांची ०.८ मीटरची लाट ६ सेकंदांच्या १.२ मीटरच्या लाटेपेक्षा थोडी अधिकच ऊर्जा घेऊन येते. शिवाय लांब पिरियडच्या लाटेला तळ बराच आधी लागतो, ती किनाऱ्याकडे वळते आणि उथळ पाण्यात चांगली उभी राहते. विंडीसारख्या हवामान-अंदाजाच्या संकेतस्थळावर लाटांची एकूण उंची पाहून थांबू नये; दुरून आलेली लाट, म्हणजे 'स्वेल', आणि स्थानिक वाऱ्याने उठलेली लाट यांचे थर वेगवेगळे उघडावेत. बारा सेकंदांच्या वरचा स्वेल नैर्ऋत्येकडून येत असेल, तर पुढचा हिशेब करण्यात अर्थ आहे. हिवाळ्यात अरबस्तानाकडील 'शमाल' वाऱ्यांमुळे वायव्येकडूनही लाटा येतात, पण त्यांचा पिरियड आखूड असतो.

हा लांब पिरियडचा स्वेल दक्षिण हिंदी महासागरातील वादळांतून येतो, आणि घाटावरच्या माणसाची खरी सोय इथेच आहे. खोल समुद्रात लाटांचा समूह सेकंदाला पिरियडच्या सुमारे ०.७८ पट मीटर पुढे सरकतो. म्हणजे १६ सेकंदांचा स्वेल ताशी ४५ किलोमीटर, अर्थात दिवसाला हजाराहून अधिक किलोमीटर अंतर कापतो. दक्षिण अक्षांश ४५ ते ५० अंशांच्या पट्ट्यातून आपल्या किनाऱ्यापर्यंत येण्यास त्याला सहा-सात दिवस लागतात. या रविवारी तिकडे मोठे वादळ नकाशावर दिसले आणि त्याच्या वाऱ्यांचा रोख उत्तरेकडे असला, तर पुढच्या रविवारची रजा आजच मागून ठेवावी. जास्त पिरियडच्या लाटा आधी पोहोचतात. त्यामुळे अंदाजात प्रथम १८ सेकंदांचा, जेमतेम ०.३ मीटरचा स्वेल दिसल्यास निराश होऊ नये. त्याच्यामागून उंची वाढत येते.

वाऱ्याचे गणित शाळेच्या भूगोलात आपण शिकलेलेच आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतात, आणि दुपारपूर्वी सुटणारे खारे वारे तो विस्कटून टाकतात. बेळगावच्या टिळकवाडीत पान हलत नाही म्हणून आश्वे येथेही वारा पडला असेल, असे मुळीच समजू नये. वाऱ्याचा तासागणिक अंदाज त्या किनाऱ्याचाच पाहावा. दक्षिणेचा स्वेल मार्चपासून मेपर्यंत वाढत जातो, मतलई वारे मात्र हिवाळ्यात अधिक भरवशाचे असतात. माझ्या मते मार्च-एप्रिलमध्ये या दोहोंचा मेळ उत्तम बसतो. जून ते सप्टेंबर हा विषयच सोडून द्यावा.

भरती-ओहोटीसाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ मिळते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. तासाभराचा फरक गृहीत धरावा, आणि नेमकी वेळ हवी असल्यास मुरगावचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. वाळूच्या तळावर बहुधा मधल्या पाण्यात लाट चांगली फुटते, म्हणून द्वादशी ते चतुर्दशी या तिथींना सकाळी सात-आठ वाजता चढते पाणी मिळते. प्रतिपदा ते तृतीयेला त्याच वेळी ओहोटी असते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाण्याचा चढउतार कमी असल्याने तिथीकडे फारसे लक्ष दिले नाही तरी चालते.

आदल्या रात्री नऊ वाजता हैदराबादच्या इन्कॉईस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज पाहावा. त्यात उंच लाटांचा किंवा स्वेलमुळे येणाऱ्या उधाणाचा इशारा असेल, तर बेत रद्द करावा. इशारा नसेल, पिरियड टिकून असेल आणि सकाळी दहापर्यंत पश्चिमेचा वारा दाखवत नसेल, तर पहाटे साडेतीनला निघावे. हिवाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात धुके दाटते, त्यासाठी अर्धा तास आणखी हाताशी ठेवावा.