बेसची कॉइल वारंवार जळते? मिरवणुकीच्या सिस्टीममध्ये या चुका टाळा

गणपती विसर्जन उरकलं की रिकोन करणाऱ्यांच्या, म्हणजे स्पीकरचा कोन आणि कॉइल बदलून देणाऱ्यांच्या, दुकानात अठरा इंची बेस स्पीकरची थप्पी लागते. येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "मशीन (ॲम्प्लिफायर) जास्त पॉवरचं लागलं, म्हणून कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) गेली." कोन काढल्यावर दिसतं ते वेगळंच. कॉइल सगळीकडून सारखी काळी पडली असेल, तर ती बराच वेळ तापत राहिली होती. कॉइलचं टोक चेपलेलं किंवा स्पायडर (कॉइलला मधोमध धरून ठेवणारी कापडी चकती) फाटलेला असेल, तर कोन मर्यादेबाहेर आत-बाहेर धावला होता. हे दोन वेगळे आजार आहेत, आणि दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा बॉक्सच्या अलीकडेच, मिक्सर, मशीन किंवा लाइटमध्ये, कुठेतरी असतं.

स्टिकरवरचे वॅट बघून घेणं

एकाच स्पीकरवर १०००, २००० आणि ४००० हे तिन्ही आकडे खरे असू शकतात. पहिला आरएमएस किंवा एईएस (सतत पेलता येणारी पॉवर), दुसरा प्रोग्रॅम (गाण्यासारखी चढ-उतार होणारी), तिसरा पीक (क्षणभराची). हिशेब पहिल्याच आकड्यावर करायचा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेन्सिटिव्हिटी (एका वॅटवर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो), आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ९८ डेसिबलचा स्पीकर ५०० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढंच वाजायला ९५ डेसिबलच्या स्पीकरला १००० वॅट लागतात. मशीन दुप्पट केल्यावर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. तेच दोन बॉक्स एकमेकांना चिकटवून जमिनीवर ठेवले आणि प्रत्येकाला पहिल्याइतकीच पॉवर दिली, तर सुमारे ६ डेसिबल मिळतात. पैसे मोजकेच असतील तर मोठ्या मशीनऐवजी आणखी दोन बेस घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. टेम्पोत जागा जास्त लागते, पण कॉइल वाचते.

बॉक्स सुताराकडून करून घेणार असाल, तर दुसऱ्याच्या गाजलेल्या बॉक्सची मापं उचलून त्यात हाताशी असलेला स्पीकर बसवू नका. आतली जागा आणि पोर्टची (बॉक्समधून हवा बाहेर पडायच्या वाटेची) लांबी त्या विशिष्ट स्पीकरसाठी काढलेली असते. आणि लाकूड एमडीएफ (भुसा दाबून केलेली फळी) नको. भाद्रपदातल्या एका पावसात त्याच्या कडा फुगतात, सांधे सुटतात आणि हवा गळायला लागते.

"लहान मशीन लावलं, म्हणजे बेस सुरक्षित"

हा समज सगळ्यात महाग पडतो. लहान मशीनमधून जास्त आवाज मागितला की ते क्लिप होतं. लाटेचा माथा सपाट होतो आणि सरासरी पॉवर वाढते. पूर्ण क्लिप झालेलं ५०० वॅटचं मशीन १००० वॅटच्या जवळपास पोहोचू शकतं. त्यात वाजतात ते रिमिक्स, ज्यांत बेसचा सूर क्षणभरही सुटत नाही, मग कॉइलला थंड व्हायला सवडच मिळत नाही.

क्लिपिंग मिक्सरमध्येही होतं. मास्टरचे लाल दिवे सतत पेटलेले आणि मशीनचा क्लिपचा दिवा मात्र बंद, असं दृश्य मिरवणुकीत नेहमीचंच. मशीनला काय कळणार? आलेला सिग्नल आधीच कापलेला असतो, ते तो इमानाने मोठा करून पुढे पाठवतं. म्हणून गेन (सिग्नल मोठा करायची खुंटी) उतरवायला सुरुवात मिक्सरपासून करा.

तासाभराने बेस पडल्यासारखा वाटतो, तेव्हाही हात गेनकडेच जातो. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, मोजतात ओहममध्ये) वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली तर तो जवळपास पावणेदोन पट होतो आणि मशीनकडून पॉवर कमी ओढली जाते. अशा वेळी गेन वाढवणं म्हणजे भाजलेल्या कॉइलला आणखी भाजणं. दोन गाणी हळू वाजवा, बेस आपोआप परत येतो.

हाय-पास न लावणं

पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या, म्हणजे बॉक्स आणि पोर्ट ज्या सुराला जुळवलेले असतात त्याच्या, खालचा सूर आला की कोनाला आतल्या हवेचा आधार उरत नाही. ऐकू फारसं येत नाही, पण कोन वेड्यासारखा हलतो. बॉक्स ४० हर्ट्झला ट्यून असेल तर प्रोसेसरमध्ये ३५ च्या आसपास २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा. "खालचा दणका जाईल" ही भीती खोटी आहे. त्या बॉक्समधून तो दणका येतच नव्हता. वरची बाजू साधारण ८० ते १०० हर्ट्झला तोडा, म्हणजे त्यावरचे सूर बेसकडे जाऊ देऊ नका.

लिमिटर आणि जनरेटर

लिमिटर (सिग्नल ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी प्रोसेसरमधली सोय) अंदाजाने लावायचा नसतो. स्पीकरच्या वॅटला त्याच्या ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा. १००० वॅट, ८ ओहम म्हणजे सुमारे ८९ व्होल्ट. तासन्‌तास वाजायचं असेल तर आरएमएस लिमिटर निम्म्या पॉवरला, म्हणजे ६३ व्होल्टवर ठेवा. बेस काढून ठेवा, ५० हर्ट्झचा सूर सोडा, मशीनच्या आउटपुटला मल्टिमीटर लावा आणि तो आकडा येतो तिथे लिमिटर धरेल असं बघा. हा व्होल्टेज झटका देण्याइतका असतो, उघड्या टोकाला हात लावू नका.

हे सगळं घरच्या चांगल्या लाइटवर जुळवलेलं असतं. रस्त्यावर जनरेटर प्रत्येक ठोक्याला २३० व्होल्टवरून १८० पर्यंत बसत असेल, तर जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनचा आतला व्होल्टेजही बसतो आणि लिमिटर जागा व्हायच्या आत मशीन क्लिप होतं. जनरेटर मोठा घ्या आणि बेसच्या ठोक्यावर व्होल्टमीटर किती खाली जातो ते बघा. थ्री-फेज जनरेटरवर न्यूट्रल (तिन्ही फेजची परतीची सामाईक वायर) आधी तपासा. तो सैल होऊन सुटला तर एखाद्या फेजवर ४०० च्या घरात व्होल्टेज जाऊ शकतो आणि त्यावरची सगळी मशीनं एकदम जळतात.

गुलाल, पाऊस, वायर

गुलाल फॅनमधून मशीनच्या हीटसिंकवर बसतो आणि पोर्टमधून बॉक्समध्ये शिरतो. प्रत्येक सुपारीनंतर (कार्यक्रमानंतर) फिल्टर ब्लोअरने झाडा. पावसात प्लास्टिक टाकताना पोर्ट आणि फॅन बंद होणार नाहीत असं टाका. वायर बारीक नको. १ चौरस मिमीच्या २० मीटर वायरमध्ये, जाऊन-येऊन, ०.७ ओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो. ४ ओहमच्या बॉक्ससाठी म्हणजे सातवा हिस्सा तिथेच संपला. ४ चौरस मिमी वापरा.

बिघाड कुठे आहे?

दोन बेस मिळून एकापेक्षा कमी वाजत असतील तर एकाची वायर उलटी आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत. फडफड येत असेल तर स्पीकर उघडण्याआधी हँडल, जाळी आणि स्क्रू तपासा. कोन दोन्ही हातांनी सरळ हळूच दाबल्यावर खरखर लागली तर कॉइल घासतेय. वायर काढून मल्टिमीटरने मोजलं तर ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच-सहा दाखवतो. काहीच नाही दाखवलं तर कॉइल तुटली, एक-दोन दाखवलं तर वेढे शॉर्ट झाले.

मशीन चालू करताच कोन बाहेर किंवा आत जाऊन तिथेच थांबला, तर ताबडतोब बंद करा. मशीनमधून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) येतोय. अशा वेळी "बेसच गेला असेल" म्हणून त्याच चॅनेलला दुसरा बॉक्स जोडून बघतात आणि तोही जातो. तो चॅनेल दुरुस्त होईपर्यंत त्यावर टेप चिकटवून ठेवा.