घाटावरून खाडीत उतरताय? या चुका टाळा

सोमवारी सकाळी ठरलेला फोन येतो. "काका, काल तेरेखोलच्या खाडीला जाऊन आलो. पाणी भरपूर होतं की ओ, पण एक चावा नाही." मी एकच विचारतो, "पाणी चढत होतं की उतरत होतं?" पलीकडे जरा शांतता. मग, "पाणी होतं, काका."

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून शनिवार-रविवारी खाडीवर गळ टाकायला जाणारी पोरं आता बरीच झालीत. रॉड ऑनलाइन येतो, कयाक भाड्यानं मिळते, चोर्ला किंवा आंबोली घाट उतरलं की दोन-तीन तासांत खारं पाणी. अडचण एवढीच की आपण सगळे गोड्या पाण्यात शिकलेलो. हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला कणकेचा गोळा लावून चिलापी आणि रोहू काढणारे. धरणाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. ही सवय डोक्यात घेऊन माणूस खाडीत उतरतो, आणि खाली लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

वेळ न बघता उतरणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

मार्गशीर्ष पौर्णिमा होती. दोन कयाकी गाडीच्या टपावर बांधून आम्ही तिघं पहाटे निघालो. आंबोलीत धुकं, चहा, मिसळ, पुन्हा चहा. आरोंद्याच्या बाजूला खाडीकाठी पोचेपर्यंत पाऊण वाजला. पाणी काठोकाठ, कांदळवनाची मुळं पूर्ण बुडालेली. आम्ही खूश. एक वाजता कयाकी ढकलल्या आणि मुख्य पात्र सोडून एका अरुंद फाट्यात शिरलो, कारण जिताडा मासा असल्या जागी असतो असं कुठंतरी ऐकलेलं.

पौर्णिमा-अमावस्येला गोव्याच्या आसपास खाडीच्या तोंडाशी भरती साधारण अकरा-साडेअकराच्या सुमारास पुरी होते. आत नदीत ती आणखी उशिरा पोचते. म्हणजे आम्ही काठोकाठ पाणी बघून हरखलो, तेव्हा ते उतरायला लागलेलं होतं. कळलं का नाही? कारण ओहोटी सुरुवातीला दिसतच नाही. भरती-ओहोटीत दोन मीटरचा फरक धरला तर सहा तासांतल्या पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढं पाणी उतरतं, वीतभरही नाही. दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट. आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी जातं, अख्खा एक मीटर. गडी गळ बांधत बसलेला असतो आणि खालून पाणी निघून जातं.

तीनच्या सुमारास माझं वल्हं चिखलाला लागलं. साडेतीनला कयाकी बसल्या. आमच्यातला एक धडधाकट गडी म्हणाला, "उतरून ओढू, काय होत नाही." उतरला आणि मांडीपर्यंत गेला. खाडीचा चिखल म्हणजे भाताच्या खाचरातला चिखल नव्हे. तो पाय धरून ठेवतो. कयाकीवर पोट टेकवून, हातांनी रेटत त्याला वर यावं लागलं. एक बूट अजून तिथंच आहे. मग आम्ही बसलो. सहाला सूर्य गेला, मच्छर आले, एक बाटली पाणी तिघांत. पाणी परत यायला रात्रीचे आठ वाजले, आणि त्याच्याबरोबर एक म्हातारे गाबीत (इथल्या मच्छीमार समाजातले) तात्या छोट्या होडीतून बॅटरी मारत आले. आम्हाला बघून म्हणाले, "घाटावरचे मां तुमी?" आम्ही गप्प. "मगे पाणी कधी सुकता ता इचारूक नको?" सुकता म्हणजे उतरतं.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या खेपेला अर्धा किलो कुंदा घेऊन गेलो, तेव्हापासून ओळख आहे. आजही उतरण्याआधी मी त्यांना फोन लावतो. माझा उपाय म्हणाल तर हाच.

बाकी सवय अशी: भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची. पंधरवड्यातल्या तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीच्या वेळेचा ढोबळ अंदाज येतो. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या आसपास. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास, आणि रोज भरती पन्नासेक मिनिटांनी मागं सरकते. हा अंदाज घरी बसून रविवार ठरवण्यापुरता. निघायच्या आदल्या रात्री मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघायचंच. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी. नवशिक्यानं पहिल्या चार-पाच खेपा भांगातच कराव्यात. उधाणात, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, मासा जास्त हलतो हे खरं, पण तुम्हाला अजून कयाक सरळ चालवता येत नाही हेही खरं.

आणि फाट्यात जायचं तर चढत्या पाण्याबरोबर जायचं, पाणी फिरलं की बाहेर निघायचं. गंमत म्हणजे मासा मिळायची जागाही तीच. ओहोटीत फाट्यातलं पाणी बाहेर पडताना बारकी मासळी आणि कोळंबी त्याच्याबरोबर वाहत येते, आणि जिताडा फाट्याच्या तोंडाशी टपून असतो. त्या दिवशी आम्ही दीड किलोमीटर आत जाऊन त्याच्या ताटाच्या मागच्या बाजूला बसलो होतो.

नांगर कयाकीच्या कडेला बांधणं

दुसरी चूक. ही बघून मला अजून घाम फुटतो.

धरणात नांगर कुठंही बांधा, कयाक गोल फिरते, बस. खाडीत ओहोटीची ओढ असते. कडेच्या हँडलला दोरी बांधली की कयाक प्रवाहाला आडवी होते, पाणी एका अंगावर चढतं आणि ती उलटते. "हळूहळू झुकेल, मग बघू" असं काही नसतं. मांडवीत आमच्यातल्या एका इंजिनिअर पोराचं हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी ओरडायला तोंड उघडलं तोवर तो पाण्यात होता. लाइफ जॅकेट? होतं की. सीटच्या मागं पट्ट्याखाली नीट घडी घालून ठेवलेलं. "उकडतं, काका." कयाकीला धरून राहिला म्हणून बरं झालं. रॉड, रील, मोबाइल, डबा, सगळं मांडवीला अर्पण.

नांगराची दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकालाच. गाठ अशी की एका हिसक्यात सुटेल. दोरीच्या शेवटी छोटा तरंगा बांधायचा, म्हणजे नांगर सोडून द्यावा लागला तरी नंतर येऊन उचलता येतो. जॅकेटवर, हाताला लागेल असा सुरा. दोरी खोलीच्या निदान पाचपट. हे सगळं सांगून झाल्यावर माझी खरी सवय सांगतो: ओढ दिसली की मी नांगर टाकतच नाही. वाहत जातो, गळ टाकतो, परत वल्हवत येतो. दंड दुखतात. दुखू देत.

जॅकेट न घालणाऱ्याला मी आता गाडीत घेत नाही. यावर चर्चा नाही.

घाटावर पाऊस, खाली ऊन

ही चूक खरं तर आपल्या माणसानं करायलाच नको. म्हादई उगम पावते आपल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या डोंगरात. तीच खाली मांडवी होते. कणकुंबी-जांबोटीला रात्रभर झोडपलं की खाली पणजीत लख्ख ऊन असलं तरी नदी चहासारखी लाल येते, ओंडके घेऊन. वरचं गोडं पाणी मासे खाली ढकलतं, खारं पाणी तळाशी राहतं, आणि तुम्ही वर रंगीत पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष, नाचवत बसता. जाताना वाटेत चोर्ल्याला ओढे बघा, बातमी तिथंच मिळते.

जून ते सप्टेंबर माझी कयाक माळ्यावर असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, तेव्हा "आपल्याला कोण अडवतंय, खाडी मोकळीच" म्हणणारे भेटतात. अडवत कुणी नाही. पाणी अडवतं.

लांब फेकायचा हव्यास

धरणावर जितकं लांब फेकाल तितकं चांगलं, हे डोक्यातून काढा. काठावर उभं राहून नदीच्या मधोमध शिसं भिरकावणारे बघितले की हसू येतं, कारण तांबोशी मासळी त्यांच्या पायापासून पाच हातांवर, मुळांच्या सावलीत बसलेली असते. काठाला समांतर फेका. ड्रॅग, म्हणजे रीलमधून दोरी सुटू न देणारा ताण, मात्र घट्ट हवा; तांबोशी पहिल्या झटक्यात मुळांत शिरते आणि मग दोरी सोडून हातात काही उरत नाही. पुढं हातभर जाड लीडर, म्हणजे गळाआधीचा जाड दोरीचा तुकडा, लावा. मुळांवर आणि कालवांच्या शिंपल्यांवर बारीक ब्रेडेड दोरी सुतासारखी तुटते.

शिंपल्यांवरून आठवलं. स्वस्तातली हवेची कयाक घेऊन खाडीत येऊ नका. कालवं ब्लेडसारखी असतात. अनवाणी पायांचंही तेच.

खारे वारे, मतलई वारे

शाळेत पाठ केलं, मार्क मिळवले, विसरलो. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं. त्यात ओहोटी असली तर खाडीच्या तोंडाशी वल्हं न मारताही तुम्ही मस्त पुढं जाता, आणि मस्त वाटतं तीच धोक्याची वेळ. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. उतरतं पाणी आणि समोरून वारा भिडले की आखूड, उभ्या लाटा उठतात. मी तोंडापासून आतच राहतो. समुद्र बघायला बीच आहे.

बारीकसारीक, पण दर वेळी दिसणाऱ्या

रील घरी आणून तशीच ठेवणं. धरणाची सवय! खाऱ्या पाण्यातून आलेलं रील त्याच रात्री गोड्या पाण्यानं हलकं धुवायचं, नाहीतर पुढच्या महिन्यात हँडल फिरवताना जातं दळल्यासारखा आवाज येतो. जोरात नळाखाली धरायचं नाही, मीठ आत जातं.

गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली न करणं. जेट्टीवर मागं न बघता रॉड फिरवणं. तीनकाट्याचा गळ माणसाच्या कानात बघितलाय मी.

मानशीवर गळ टाकणं. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, जमिनीतलं पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या त्या दारांपाशी ओहोटीत मासा जमतो हे खरं, पण तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव झालेला असतो. विचारल्याशिवाय उभं राहायचं नाही. कुणी शिव्या दिल्या तर बरोबर दिल्या.

गोव्यात कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत. सुसर म्हणून सोडून देऊ नका, मगरीच. तिथं पाण्यात पाय सोडून मासे साफ करत बसलेल्यांचा फोटो मला कुणीतरी पाठवला होता. मी त्यावर काय लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मोठा जिताडा घरी नेऊन फोटो टाकणं. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे ताटातली ती अवजड मासळी बहुतेक वेळा अंडी घालणारीच. मी मधला आकार ठेवतो, मोठा सोडतो. सोडताना हात थरथरतो हे कबूल.

बिअर. गोव्यात आलोय म्हणून सकाळी दहाला. यावर मी काही बोलत नाही, फक्त त्या कयाकीपासून लांब राहतो.

शिंगाळा हातानं धरणं

शिंगाळा लागला की नवखा माणूस निराश होतो आणि रागानं गळ काढायला जातो. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागं दोन काटे, करवतीसारखे, वर विषारी. पक्कड वापरा, मासा ओल्या फडक्यात धरा, नाहीतर सरळ दोरी कापा. गळ दहा रुपयांचा.

माझ्या पुतण्यानं ऐकलं नाही. अंगठ्याच्या मुळाशी काटा गेला, आणि सहा फुटांचा पोरगा जेट्टीवर आडवा होऊन आई गं करायला लागला. बर्फ लावायचा नाही. उलट सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा, अर्धा-पाऊण तास तरी, पाणी निवलं की बदलत. भाजणार नाही हे दुसऱ्यानं आपल्या हातानं बघायचं, कारण ज्याला टोचलंय त्याला दुखण्यापुढं काही कळत नाही. मग डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं.

जेट्टीजवळ चहाची टपरी होती. मालकानं पातेल्यातलं पाणी दिलं, तीनदा बदलून दिलं. तासाभरानं पोरगा उठून बसला आणि म्हणाला, "काका, तो मासा कुठं गेला?" मासा कधीच पाण्यात गेला होता, रॉडसकट. टपरीवाल्यानं पाण्याचे पैसे घेतले नाहीत. आम्ही मात्र काळजीत सात चहा प्यालो होतो, त्याचे नीट मोजून घेतले.