वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर ‘उगाच केलं’ वाटतं तेव्हा

पहिल्या काही आठवड्यांत पश्चात्ताप वाटणं नेहमीचंच. खाणं अगदी कमी, हार्मोन वर-खाली, त्यात मन रमवणारा वडापाव बंद, रडू येणारच. या दिवसांत निर्णयाचा हिशोब मांडू नका, पाण्याचा मांडा. 30 मिलीचं माप दर पंधरा मिनिटांनी घोट घोट संपवलं, तर बारा तासांत जवळपास दीड लिटर होतं. ठाण्याच्या दमट उकाड्यात हे चुकलं की चक्कर येते, लघवी गडद होते आणि उदासी वाढते.

प्रथिनं रोज साधारण 60 ग्रॅम. वरणाच्या नुसत्या पाण्यात ती फारशी नसतात, म्हणून सांगितलेली पावडर टाळू नका. मऊ जेवण सुरू झालं की जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. उलट्या थांबत नसतील तर ब-1 जीवनसत्त्व घटून मज्जातंतूंना इजा होऊ शकते. लगेच सर्जनला कळवा.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वजनाचा काटा बहुतेकदा अडतो. अडू द्या. संध्याकाळी तलावपाळीला सावकाश फेरी मारा.

नाडी 120 च्या वर, ताप, धाप, खांद्यात कळ किंवा पोटरीला सूज असेल तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा शोधू नका, 108 लावा. जगणं नकोसं वाटलं तर 14416 लावा, टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, रात्रीही.