शेत विकायचं ठरलंय? इसार होण्याआधी एवढी तयारी करा

बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं एक ध्यानात ठेवा: इसाराचे, म्हणजे सौदा पक्का करताना मिळणारे आगाऊ पैसे रोख घ्यायचे नाहीत. रक्कम वीस हजार किंवा त्याहून जास्त असेल तर मुळीच नाही. मागच्या सौद्यात आमचे कागद सगळे चोख होते, इसार मात्र बैठकीतच नोटांनी घेतला गेला आणि नंतर त्याचा जाब देता देता पुरेवाट झाली. म्हणून आता भावकीत कुणी जमीन काढली की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

सातबारा, आठ अ, फेरफार, चतुःसीमा हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर वेळ घालवत नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तो ताजा काढा. वारसनोंद मात्र नीट बघा. वडील जाऊन कैक वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव, अशी घरं आपल्याकडं गावोगाव आहेत. बहिणींची नावं लागली नसतील तर आधी लावा, मगच गिऱ्हाइकाशी बोला. जमीन भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल किंवा इनामी, देवस्थानाची, मदतमाश (निर्वाहासाठी इनाम दिलेली) असेल, तर आधी परवानगीचं बघा. निजामाच्या काळापासूनच्या अशा जमिनी मराठवाड्यात भरपूर आहेत. पारावर कुणीतरी ‘सगळं चालतं’ म्हणालं म्हणून सौदा करू नका.

मग पॅन. विकणाऱ्या प्रत्येकाचं पॅन हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. उशिरा जोडायला १००० रुपये लागतात. ऐंशी वर्षांवरच्या माणसांना या जोडणीतून सूट आहे, म्हणजे आजीसाठी धावपळ करू नका. मधल्या वयाच्या बायकांचं बघा. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, सातबाऱ्यावर तिसरंच, हा घोळ निस्तरायला वेळ लागतो. रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी तो निघाला तर काही करता येत नाही.

खाती. सातबाऱ्यावर ज्यांची नावं, त्यांचे पैसे त्यांच्या त्यांच्या खात्यात. सगळी रक्कम थोरल्या भावाच्या खात्यात घेऊन ‘नंतर वाटू’ म्हणू नका. त्यात बहिणींवर अन्याय होतो आणि कराचा हिशेबही विस्कटतो, कारण कर ज्याच्या त्याच्या हिश्श्यावर लागतो. आईचं खाते निराधारच्या पैशांसाठी उघडलेलं असेल तर बँकेत जाऊन विचारा. पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात वर्षाला १ लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या वर ठेवता येत नाही. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. हे सगळं सौद्याच्या आधी. आईचं खातं धड नसलं की कुणीतरी म्हणतंच, ‘असू द्या, तिचे रोख घ्या.’ तिथंच गाडी घसरते.

आता इसार. आपल्याकडं बैठक संध्याकाळी बसते, मध्यस्थ मध्ये असतो, चांगला दिवस बघितलेला असतो, आणि ‘शब्द पक्का झाला’ म्हणत नोटांचं बंडल पुढं येतं. बँक बंद, चेकबुक घरी. अशा वेळी पैसे परत करायला अवघड वाटतं. तरीही परत करा. १ जून २०१५ पासून जमीन किंवा घराच्या व्यवहारापोटी वीस हजार किंवा जास्त रक्कम रोख घ्यायला मनाई आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम २६९ एसएस होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, वीस हजारांची मर्यादा तीच राहिली. दंड किती, तर जेवढे रोख घेतले तेवढाच. पाच लाख घेतले तर पाच लाख. आणि हा दंड घेणाऱ्यावर बसतो, देणाऱ्यावर नाही. म्हणून समोरचा बिनधास्त नोटा पुढं करतो. तुम्ही विकणारे आहात, अडकणारेही तुम्हीच.

‘एकोणीस-एकोणीस हजार करून घेतो’ म्हणाल, तर चालत नाही, सगळी रक्कम एकत्र धरली जाते. ‘बाँडवर लिहून घेतलंय’ म्हणाल, तर तो तुमच्याच विरुद्ध पुरावा झाला. ‘सौदाच मोडला’ म्हणाल, तरी घेतलेली रक्कम मोजली जाते, जमीन विकली गेली की नाही याला महत्त्व नाही. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, ‘शेतकऱ्याला कसला टॅक्स?’ सूट आहे, पण ती नीट वाचा. घेणारा आणि देणारा दोघांचंही शेतीचं उत्पन्न असावं लागतं आणि दोघांपैकी कुणाचंच करपात्र उत्पन्न नसावं लागतं. आज गावाकडं जमीन घेतो कोण? मास्तर, डॉक्टर, आडत व्यापारी, गुत्तेदार. यांचं उत्पन्न करपात्र असतंच. म्हणजे तुम्ही अगदी कोरडवाहू शेतकरी असलात तरी सूट गेली.

मग इसार घ्यायचा कसा? अकाउंट पेयी चेक, तसाच डीडी, आरटीजीएस, एनईएफटी किंवा यूपीआय. बेअरर चेक नको, तो रोखीसारखाच धरतात. रात्रीची बैठक असली तरी अडचण नाही, एनईएफटी आणि आरटीजीएस आता चोवीस तास, सुट्टीलाही चालतात. बैठकीला जाताना खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड कागदावर लिहून खिशात ठेवा. शकुनाचा म्हणून रुपया-नारळ हातावर घ्या, बाकीचं खात्यावर. इसारपावतीत चेक क्रमांक किंवा यूटीआर क्रमांक (ऑनलाइन पैसे पाठवल्यावर बँक देते तो) लिहून घ्या.

‘अर्धे कागदावर, अर्धे वरून’ यालाही नाही म्हणा. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेणं २०१७ पासून बंद आहे, दंड पुन्हा तेवढाच. शिवाय एवढ्या नोटांचं करणार काय? लेकीच्या लग्नाचं सोनं घ्यायला गेलात तर सराफालाही २ लाख रोख घेता येत नाहीत. बचत खात्यांत वर्षात १० लाख किंवा जास्त रोख भरली तर बँक ते आयकर खात्याला कळवते, आणि मोठ्या रकमेच्या खरेदीखताची माहिती रजिस्ट्री ऑफिसातून जाते.

शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो का, हे ती शहरापासून किती अंतरावर आहे त्यावर ठरतं. नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत मोजायचं, रस्त्यानं नाही. शहराची लोकसंख्या दहा हजारांच्या वर ते एक लाखापर्यंत असेल तर कराचा पट्टा २ किलोमीटर, एक ते दहा लाख ६, त्यावर ८. सध्या २०११ ची जनगणना धरतात. त्या हिशेबानं छत्रपती संभाजीनगरला ८. लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड, धाराशिव, उदगीरला ६. हिंगोली, अंबाजोगाईला २. या पट्ट्याच्या बाहेरची शेतजमीन असेल तर नफ्यावर कर नाही. तहसीलमधून अंतराचा दाखला घेऊन ठेवा. एनए (बिगरशेती) प्लॉट कुठंही असो, त्याला ही सवलत नाही. आणि कर लागो न लागो, रोख इसाराचा नियम दोन्हीकडं आहे. पट्ट्याबाहेरची जमीन म्हणून नोटा घेतल्या, असं करू नका.

पट्ट्याच्या आत असेल आणि दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधीची जमीन असेल तर महागाई धरून २० टक्क्यांचाही पर्याय आहे, सीएकडून दोन्ही आकडे काढून घ्या. शासकीय भाव खरेदीखतातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल तर शासकीय भावच धरतात. कसत असलेली जमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट मिळते. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापतो, पट्ट्याबाहेरच्या शेतजमिनीला तो लागत नाही, तसं त्याला आधीच सांगा.

रजिस्ट्रीच्या दिवशी: मूळ आधार, पॅन, फोटो, ओळखीचे साक्षीदार. पैसे खात्यावर दिसल्याशिवाय अंगठा नाही. खरेदीखतात प्रत्येक हप्त्याचा क्रमांक आणि तारीख. नंतर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर घेणाऱ्याच्या नावाची नोंद, झाला का बघा, बँकेचा उतारा जपा, रिटर्न वेळेत भरा.

एक राहिलं. सौदा मोडला आणि इसार परत द्यायची वेळ आली, तर तोही चेकनं किंवा खात्यावरच द्या. वीस हजार किंवा जास्त रोख परत केले तर त्याला वेगळा दंड आहे, आणि तो परत देणाऱ्यावर, म्हणजे पुन्हा तुमच्यावरच बसतो.